नाताळात मुलं भेटणार नाहीत

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे युगांडात कंपालाला जाणार आहोत. त्याच्या ओळखीच्या सिस्टरांची मसाकाजवळच्या एका खेड्यात अनाथ मुलांची मिशन शाळा आहे, चांगली भरभराटीला आली आहे म्हणे. नाताळ त्या मुलांबरोबर साजरा करावा असं मनात आहे. चॉकलेटं आणि कपडे न्यावेत का? एखाद्या मुलाचा खर्च उचलता येईल का?
(एक दांपत्य)

उत्तर : नाताळात गेलात तर सिस्टर भेटतील, गोठ्यातल्या गाई भेटतील, राखणदार भेटेल. मुलं नाहीत. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि तीन सत्रं उरकून डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं.

मग अनाथ मुलं जातात कुठे? यजमानांच्या साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे मी जिंजाकडे राहत होते आणि अशाच एका शाळेत गणित शिकवत होते. मी हे विचारलं तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘घरी!’ म्हणाल्या. घरी म्हणजे जाज्जाकडे, आजीकडे. नाहीतर मावशी-काकांकडे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात आई किंवा वडील, एकजण जरी गेलं तरी १८ वर्षांखालचं मूल अनाथ धरतात. त्यामुळे त्या यादीतल्या कितीतरी मुलांची आई घरी केळी लावत असते. मसाका आणि शेजारचा राकाई हा एड्सने सर्वांत आधी पोळलेला भाग. १९८० च्या दशकात तिथली मधली पिढीच गेली आणि म्हाताऱ्यांनी पुन्हा पोरं वाढवायला घेतली. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट मिळू लागली तेव्हा कुठे मरणं आटोक्यात आली. सुट्टीत मुलांना नातलगांकडे पाठवणारी शाळा मला भरवशाची वाटते. पाहुण्यांसाठी बारा महिने मुलं हजर ठेवणाऱ्या ठिकाणी मी तरी पाऊल टाकणार नाही.

तेव्हा फेब्रुवारी-मार्च किंवा जून-जुलैत जा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नको, तेव्हा सातवीची पीएलई, म्हणजे प्राथमिक शाळा संपतानाची परीक्षा असते. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे चार विषय. प्रत्येकात ‘एक’ ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली की बेरीज चार, आणि चार म्हणजे सर्वोत्तम! पहिल्या वर्षी मी एका मुलाचे ‘अवघे चार’ ऐकून हळहळले होते, तो मात्र उड्या मारत होता. ही परीक्षा म्हणजे शाळेची अब्रू. आमच्याकडे निकाल बघून फी भरणारे पालक मुलं घालायचे आणि त्या फीवर बाकीच्यांची जेवणं निघायची. भरभराट म्हणतात ती बरीचशी अशी असते, परदेशी पाहुण्यांवर नसते.

गेल्यावर आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून पाहुण्यांच्या वहीत सही करायची, हा रिवाज. मग स्वागताचं गाणं होईल. ते सगळीकडेच गोड असतं, त्यावरून काही कळत नाही. स्वयंपाकघरात जा. पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा, आणि राजमा रोज होतो का? कोठीत मका किती उरलाय? पावसाचं पाणी साठवायला टाक्या आहेत का, की मुलं पिवळे कॅन घेऊन लांब जातात? शिक्षकांचा पगार वेळेवर होतो का, हेही विचारा. चांगले मुख्याध्यापक अशा प्रश्नांनी खुलतात.

चॉकलेटं नकोत. कपडे तर मुळीच नकोत, वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे कंपालाच्या ओविनो बाजारात ढिगांनी येतात. मसाक्यातच राजमा, मक्याचं पीठ, वह्या घ्या, शाळेच्या हिशेबनिसाकडे द्या, पावती घ्या. फोटोची हौस वाटेत कयाब्वेला विषुववृत्ताच्या खुणेपाशी भागवा. मुलांचे चेहरे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

खर्चाचं म्हणाल, तर मूल तुम्ही निवडू नका. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला ‘आपले पाहुणे’ मिळाले की दुसऱ्याचं काय होतं ते मी वर्गात उभी राहून पाहिलंय. खरी गळती होते ती सातवीनंतर. २००७ पासून सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केलं, पण गणवेश, वसतिगृह, वह्या यांचे पैसे लागतातच. पास होऊन कोणाचं अडलंय ते शाळेला ठरवू द्या आणि एस-वन ते एस-फोर, म्हणजे माध्यमिकची पहिली चारही वर्षं द्यायची तयारी असेल तरच हो म्हणा. दोन वर्षांनी हात आखडणार असाल, तर शाळेला एक पाण्याची टाकी घेऊन द्या आणि मोकळे व्हा.

प्रश्न : युगांडाला जाताना पीतज्वराची लस घ्यावीच लागते का?
(एक वाचक)

उत्तर : घ्यावीच लागते, आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पिवळं कार्ड, म्हणजे लशीचा दाखला, पासपोर्टला जोडून ठेवा. परत येताना ते नसेल, तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा, त्या या लशीत येत नाहीत.