लहान धंद्याच्या वेबसाइटसाठी महिना शंभर-सव्वाशे रुपयांचं शेअर्ड होस्टिंग घ्यावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा एक मित्र म्हणतो, "स्वस्त होस्टिंगवाल्याला साइट बंद पडल्यावरच अक्कल येते." हेच वाक्य मी ऐकलंय. सासुरवाडीला, भरीत पार्टीत, तीस-चाळीस माणसांसमोर. त्यामुळे उत्तर लांबेल, माफ करा.

आधी थेट सांगतो: घ्या. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, खर्च वाटून. पाच-दहा पानांची साइट, धंद्याची माहिती, फोटो, फोन नंबर, एवढंच असेल तर त्याहून महाग काही घेणं म्हणजे पैसा तापीत सोडणं.

आता माझं ऐका. मी जळगावात राहतो, साइट बनवणं हा माझा जोडधंदा. सासुरवाडी सावद्याजवळ. बायकोचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना भाऊच म्हणतो, केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी चालवतात. २०१९ मध्ये मी त्यांना साइट करून दिली, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर. रोपांची माहिती, बुकिंगचा फॉर्म, आणि भाऊंच्या डोक्यातून निघालेली एक खरोखर हुशार गोष्ट: रोज संध्याकाळी केळीचे भाव. रावेरचा, बऱ्हाणपूरचा. भाव बघायला शेतकरी येतो आणि जाताजाता रोपं बघतो. तीन वर्षं सुरळीत चाललं.

मग भाऊंना पानाच्या वर हवामानाची पट्टी हवी झाली. मागणी चुकीची नव्हती. केळीवाल्याला पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त, एका वादळात उभी बाग आडवी होते. पट्टीत वाऱ्याचा वेग यायचा.

२०२२ चा श्रावण. उपवासांमुळे मागणी, भाव चढलेला, आणि भाऊंनी रात्री आठ वाजता भावांच्या पानाची लिंक पंधरा-वीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकदम टाकली. पाच मिनिटांत साइटवर एकच ओळ: ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. मला फोन आला तो सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा. "जावईबापू, तुमचं ते स्वस्तातलं काही चालू नही राह्यलं!" मागून भाऊंचा आवाज, "पाव्हण्यांनी शंभर रुपयांत गुंडाळलं आपल्याला."

मी सीपॅनल, म्हणजे होस्टिंगचं कंट्रोल पॅनल, उघडला आणि रिसोर्स युसेजचा आलेख बघितला. सीपीयूची रेघ तळाला लोळत होती, दहा टक्केसुद्धा नाही. रॅम निवांत. आणि एन्ट्री प्रोसेसची, म्हणजे एका वेळी आत किती जणांचं काम चालू आहे त्याची, रेघ मात्र वीसवर जाऊन पट्टीनं आखल्यासारखी सपाट. आमच्या प्लॅनची मर्यादा वीसच होती. म्हणजे सर्व्हर दमलेला नव्हता. आत गेलेली वीस माणसं नुसती ताटकळत बसली होती आणि बाहेर रांग लागली होती.

का ताटकळत? ती पट्टी दर वेळी पान उघडताना दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरला जाऊन वारा विचारायची. त्या रात्री तिकडून उत्तरच येत नव्हतं. साइट ज्यावर बनवली होती तो वर्डप्रेस अशा वेळी स्वतःहून ५ सेकंद वाट बघतो, मग नाद सोडतो. पानाचा स्वतःचा एक सेकंद धरा, झाले सहा. वीस जागा, प्रत्येक जागा सहा सेकंद अडलेली, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन माणसं. हेच पान अर्ध्या सेकंदात सुटलं असतं तर त्याच वीस जागांतून सेकंदाला चाळीस गेली असती. आणि कॅश केलेलं, म्हणजे एकदा बनवून साठवलेलं, तयार पान दिलं तर पीएचपीला, म्हणजे दर वेळी पान नव्यानं बनवणाऱ्या भाषेला, उठवायचीच गरज नाही, तेव्हा ही मर्यादा आडवी येत नाही.

मी पट्टी काढली, कॅश चालू केली. चाळीस मिनिटांत सगळं सुरळीत. खर्च शून्य. तो आलेख मी प्रिंट काढून ठेवलाय, अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पण तोपर्यंत गावभर झालं होतं. भाऊंनी पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या एका ओळखीच्या पोराकडून साइट व्हीपीएसवर, म्हणजे आपणच सांभाळायच्या वेगळ्या आभासी सर्व्हरवर, नेली. आमचा वर्षाचा खर्च तिकडे दीड-दोन महिन्यांत जायचा. पट्टी पुन्हा लावली. साइट पळायला लागली, हे मान्य. डिसेंबरात भरीत पार्टी ठेवली. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर वांगी, मी बाजूला कांद्याची पात चिरत बसलेलो, आणि भाऊंनी ते अक्कलवालं वाक्य टाकलं. सगळे हसले. मीही हसलो, पाव्हणा काय करणार.

त्यानंतर काय झालं ते मात्र कोणी सांगत नाही. व्हीपीएसवर लॉग, म्हणजे सर्व्हरच्या रोजच्या नोंदी, साठत गेले, डिस्क भरली, डेटाबेस बंद पडला. पोराचा फोन लागेना. साइट तीन दिवस बंद. चाळीस मिनिटं लक्षात राहतात, तीन दिवस विसरतात. आणि पीएचपी ७.४, जिला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा दुरुस्त्यासुद्धा मिळत नाहीत, ती तिथे पुढे वर्षभर तशीच. शेअर्डवर सीपॅनलमध्ये यादीतून नवी आवृत्ती निवडली की काम झालं, बाकी सर्व्हर कंपनी सांभाळते. तुम्ही शंभर रुपये देता ते खरं तर ह्या सांभाळण्याचे. ज्याच्या घरात लिनक्स, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो ती प्रणाली, कळणारा माणूस नाही त्यानं व्हीपीएस घेणं म्हणजे ड्रायव्हर नसताना ट्रक घेणं.

आता तोट्यांचं. आहेत, नाही असं नाही.

जाहिरातीतला महिना ९९ हा भाव तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. वर १८ टक्के जीएसटी. नूतनीकरणाला तोच भाव तिप्पट-चौपट होऊ शकतो, तेव्हा घेतानाच तो आकडा शोधा, बारीक अक्षरात असतो. 'अनलिमिटेड' वर विश्वास ठेवू नका. जागा अनलिमिटेड म्हणतात आणि फायलींच्या संख्येवर, म्हणजे आयनोडवर, मर्यादा घालतात. एन्ट्री प्रोसेस किती ते विचारा, विक्रीवाला गडबडेल.

ईमेल ह्यावर ठेवू नका. आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, सामायिक असतो, शेजाऱ्यानं स्पॅम पाठवला की तुमचं कोटेशनही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. बॅकअप कंपनी घेते म्हणतात. घेऊ दे, तुम्ही महिन्यातून एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. सर्व्हर मुंबईचा निवडता आला तर निवडा, अमेरिकेतला असेल तर प्रत्येक फेरीला पाव सेकंदाच्या आसपास जातो.

ऑनलाइन दुकान टाकणार असाल तर माझं 'घ्या' परत घेतो. कार्ट आणि पेमेंटची पानं कॅश करता येत नाहीत, तिथे वीस जागा खरंच कमी पडतात. हे आधी सांगायला हवं होतं.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर घ्या, शक्यतो होस्टिंगवाल्यापेक्षा वेगळ्या कंपनीकडे. भाऊंचं मी माझ्या नावावर घेतलं होतं, सोयीसाठी. साइट हलवताना त्यावरूनही बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती.

आणि हो, पट्टी लावली होती मीच. भाऊंनी नुसती मागितली होती. तासातून एकदाच वारा विचारून उत्तर साठवून ठेवायचं, एवढं मला तेव्हाही येत होतं, कंटाळा केला. पण हा दोष माझा, होस्टिंगचा नाही, एवढंच मी चार वर्षं घसा फोडून सांगतोय.

तुमच्या मित्राला एक विचारा: त्याची साइट बंद पडली तेव्हा सीपीयूची रेघ कुठे होती?