अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह बॅकचं करिअर नेमकं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की भाचा न्यू जर्सीत शाळेच्या संघात कॉर्नरबॅक खेळतो, तुम्ही अख्खी मॅच बघितलीत आणि त्याच्याकडे एकदाही चेंडू आला नाही. मग यात करिअर ते काय, आणि अडवणाऱ्याला विचारतं कोण?

चेंडू आला नाही ना? मग बहुतेक पोरगं चांगलं खेळलं. समोरच्याला त्यानं इतकं जखडून ठेवलं असणार की फेकणाऱ्यानं त्या बाजूला बघायचंच सोडून दिलं. या जागेवरचा माणूस काम चोख करत असला की दिसत नाही. चुकला की मात्र साऱ्या गावाला दिसतो.

मी मूळचा इस्लामपूरचा, लहानपण कबड्डीच्या मैदानाकडेला गेलेलं. गेली बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. हा खेळ मला समजला तो कबड्डीतल्या कोपऱ्यावरूनच. कोपऱ्यावरचा गडी चढाईवाल्याकडे बघत मागं मागं सरकतो, आणि चढाईवाला कधी उलटणार हे फक्त चढाईवाल्यालाच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकचं दुखणं तेच. रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलायला पळणाऱ्याला, माहीत असतं की आपण दहा पावलं सरळ पळून आत वळणार आहोत. कॉर्नरबॅकला ते माहीत नसतं, आणि वर त्याची सुरुवातच उलटं पळण्यापासून होते. आमचे कबड्डीचे सर सांगायचे, त्याच्या डोळ्यात बघू नका, कमरेकडे बघा. इथले कोचही पोरांना अगदी हेच शिकवतात, कारण मान आणि खांदे हूल देतात, कंबर देत नाही. कॉर्नरबॅकच्या मागं, खोलवर, सेफ्टी उभा असतो. तो चुकला तर मागं कोणी नाही. कॉर्नरबॅक आणि सेफ्टी मिळून डिफेन्सिव्ह बॅक.

त्यात नियमही यांच्या विरोधातच. १९७८ पर्यंत रिसीव्हरला वाटेत कुठंही ढकलता यायचं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट ते काम इतकं बेदम करायचा की नियमच बदलला: पहिल्या पाच यार्डांत काय ते हात लावा, पुढं लावलात तर दंड. प्रेक्षकांना धावसंख्या हवी असते, गोलंदाजाचं कौतुक कोणाला, तसलाच प्रकार.

आता करिअर. एकाच माणसाचं सांगतो, कारण त्यात सगळं येतं. माल्कम बटलर.

मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा हा मुलगा, जन्म १९९० चा. हाइंड्स कम्युनिटी कॉलेजच्या संघातून त्याला काढून टाकलं, तेव्हा गावात परत येऊन त्यानं पॉपाइजमध्ये, म्हणजे तळलेलं चिकन विकणाऱ्या दुकानात, काम केलं. पुढं वेस्ट अलाबामा नावाच्या छोट्या विद्यापीठात खेळला. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या कॉलेजांच्या कितीतरी खालची ही पातळी. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, सगळ्या संघांनी मिळून अडीचशेच्या वर पोरं उचलली. याचं नाव कोणीही घेतलं नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी, म्हणजे आमच्या इकडच्या संघानं, फक्त चाचणीला बोलावलं, आणि तिथून तो संघात शिरला. पगार नवख्यांसाठी ठरलेला किमान, वर्षाला ४ लाख २० हजार डॉलर. आपल्याला तो गडगंज वाटतो, पण कधी नारळ मिळेल याचा नेम नाही.

असा कुठूनही येणारा माणूस या जागेवर नवा नाही, बरं का. १९५२ साली डिक लेन, ज्याला सगळे नाइट ट्रेन म्हणत, विमानाच्या कारखान्यातली नोकरी सोडून लॉस एंजेलिस रॅम्सच्या ऑफिसात काम मागायला गेला होता. पहिल्याच हंगामात १२ मॅचमध्ये त्यानं १४ वेळा चेंडू हिसकावला. आता हंगाम १७ मॅचचा झाला, तरी तो विक्रम कोणाला मोडता आलेला नाही.

बटलरकडे येतो. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल म्हणजे हंगामाची अंतिम मॅच, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, समोर सिअ‍ॅटल सीहॉक्स. मी वुस्टरजवळ एका मित्राकडे बसलो होतो. बाहेर आठवड्यापूर्वीच्या वादळाचा बर्फ ढिगानं पडलेला, आत पिझ्झा आणि कोणीतरी घरून करून आणलेले बटाटेवडे. मला तोवर नियम अर्धेमुर्धेच कळायचे. सिअ‍ॅटल २४-१४ नं पुढं होतं, मग पेट्रियट्सचा चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी यानं शेवटच्या सत्रात दोनदा गोलरेषा गाठून २८-२४ केलं. शेवटचं सव्वाएक मिनिट राहिलं आणि सिअ‍ॅटलच्या रसेल विल्सननं लांब चेंडू टाकला. त्या रिसीव्हरवर बटलर होता. त्यानं उडी मारून चेंडूला हात लावला, चेंडू उडाला, आणि पाठीवर पडलेल्या जर्मेन कर्सच्या पायांवर टप्पे खात खात त्याच्याच हातात विसावला. बटलरची यात काडीची चूक नव्हती. पण खोलीतला एकजण ओरडलाच, "कोण आहे हा एकवीस नंबर? काढा त्याला!"

पुढच्या डावात मार्शॉन लिंच धावत गोलरेषेपासून एका यार्डावर आला. लिंच म्हणजे चालता बुलडोझर. सगळ्यांना वाटलं की पुन्हा त्यालाच देणार. सिअ‍ॅटलनं तीन रिसीव्हर आणले, तेव्हा पेट्रियट्सनी तिसरा कॉर्नरबॅक म्हणून बटलरला आत पिटाळलं. २६ सेकंद उरलेले.

इथं जरा थांबून बघा, मी हा तुकडा पन्नासेक वेळा बघितला असेल. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागं एक उभे: पुढं कर्स, मागं रिकार्डो लॉकेट. डाव असा की पुढच्यानं बचाववाल्यांची वाट अडवायची आणि मागच्यानं त्याच्या आडून तिरकं आत घुसायचं. सरावात पेट्रियट्सच्या राखीव क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, नेमका हाच डाव बटलरवर खेळला होता. बटलर तेव्हा आडव्या माणसाला वळसा घालत गेला, उशिरा पोहोचला, आणि समोरच्यानं गोल केला. कोच बिल बेलिचिकनं त्याला तिथल्या तिथं सुनावलं होतं. आता तीच मांडणी डोळ्यासमोर. ब्रँडन ब्राउनर या दांडगट कॉर्नरबॅकनं कर्सला जागच्या जागी थोपवलं, त्यामुळे आडोसाच तयार झाला नाही. आणि बटलर चेंडू निघायच्या बेतातच सुटला. वळसा नाही, सरळ रेषेत. लॉकेटच्या आधी तो चेंडूपाशी होता. धडक, आणि चेंडू बटलरच्या छातीशी.

लोक त्याला नशीब म्हणतात. मला विचाराल तर ते नशीब नव्हतं, तो सरावातल्या एका फजितीचा हिशेब होता. ब्राउनरचं नाव मात्र कोणी घेत नाही, ते मला खटकतं. त्या एका धक्क्याशिवाय बटलर आज कोणालाही आठवला नसता.

मंगळवारची मिरवणूक बर्फामुळं बुधवारी गेली. बॉस्टनच्या फुटपाथवर कमरेएवढ्या ढिगावर उभं राहून मी ती बघितली. ज्यानं "काढा त्याला" म्हटलं होतं तोच सगळ्यात मोठ्यांदा "माल्कम" ओरडत होता. सामनावीर ब्रेडी ठरला होता, पण बक्षिसाची गाडी त्यानं बटलरला देवविली.

नंतर बटलर खरोखरच चांगला खेळाडू झाला, हे लोक विसरतात. २०१५ मध्ये सगळ्या १६ मॅच सुरुवातीपासून खेळला, प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, निवडला गेला. २०१६ मध्ये चार इंटरसेप्शन, म्हणजे हिसकावलेले चेंडू, आणि सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी दुसऱ्यांदा. पण २०१७ मध्ये पैशाचं बघा. याला एका वर्षाचे साधारण ३९ लाख डॉलर, आणि त्याच उन्हाळ्याआधी क्लबनं बफेलोहून स्टेफन गिलमोर या कॉर्नरबॅकला पाच वर्षांसाठी साडेसहा कोटी देऊन आणलं. शेजारच्या खुर्चीवर नवा माणूस तुमच्या कितीतरी पट पगारावर येऊन बसला की ऑफिसात काय वाटतं, ते कळायला फुटबॉल यायला नको.

४ फेब्रुवारी २०१८, पुन्हा सुपर बोल, मिनियापोलिस, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. त्या हंगामात बटलर बचावात जवळजवळ प्रत्येक डाव खेळला होता. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा त्याच्यावर गेला तर हा रडतोय. त्या रात्री बचावात तो एकदाही मैदानावर उतरला नाही. फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक निक फोल्स राखीव, तरी त्यानं ३७३ यार्ड फेकले, आणि पेट्रियट्स ४१-३३ नं हरले. बेलिचिकचं उत्तर एवढंच, की संघाच्या हितासाठी जे योग्य वाटलं ते केलं. अफवा भरपूर उठल्या, बटलरनं त्या नाकारल्या. इकडे अजूनही न्हाव्याच्या दुकानात हा विषय काढून बघा, दाढी अर्धी राहील.

पुढच्याच महिन्यात टेनेसी टायटन्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, ६ कोटी १० लाख डॉलरचा. भाच्याच्या आईवडिलांना हे जरूर सांगा: या खेळात कराराचा मोठा आकडा पेपरात छापण्यापुरता असतो. हमीची रक्कम त्याच्या निम्म्याच्या आसपास होती, आणि तीन वर्षांनी, २०२१ च्या मार्चमध्ये, टायटन्सनी त्याला मोकळं केलं. तेही चार इंटरसेप्शनच्या हंगामानंतर. मधे एक हंगाम मनगट मोडून अर्ध्यात संपला होता. म्हणजे २०२० च्या जानेवारीत टायटन्स फॉक्सबरोला, पेट्रियट्सच्या घरच्या मैदानावर, येऊन त्यांना हरवून गेले, तेव्हा हा बाहेरच. ब्रेडीचा पेट्रियट्ससाठीचा शेवटचा पास त्या दिवशी हिसकावला लोगन रायननं. तोही जुना पेट्रियट, तोही कॉर्नरबॅक.

मग ॲरिझोना कार्डिनल्स. त्यांचं घरचं मैदान म्हणजे ग्लेनडेलचं तेच स्टेडियम. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर बटलरनं वैयक्तिक कारणानं खेळ सोडला, त्या मैदानावर घरचा खेळाडू म्हणून एकही हंगामी मॅच न खेळता. २०२२ मध्ये पेट्रियट्सकडे परतला, पण ऑगस्टमध्येच दुखापतीनं बाद. वय ३२. या जागेवर ते म्हातारपणच, कारण पाय आधी जातात आणि उलटं पळणाऱ्याचे जरा जास्तच लवकर.

तर करिअर म्हणाल तर हे असं असतं. भाच्यानं शिक्षण सोडू नये, हे तुम्हाला मी सांगायला नकोच. पण पुढच्या मॅचला जाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, नुसतं त्याच्या पावलांकडे बघा. मागं सरकता सरकता तो कधी वळतो ते.

आणि हो, नोंदवहीत बटलरच्या नावावर १७ इंटरसेप्शन आहेत. ती गणती नियमित हंगामाची असते. ग्लेनडेलचं ते एक त्यात धरलेलंच नाही.