वाचकांचे प्रश्न : बिबळ्याची रोपे बाटलीत की रोपवाटिकेत?

प्रश्न : आमच्या भागातील सागवानी जंगलात पूर्वी बिबळ्याची मोठी झाडे सहज दिसत, आता शेंगा धरणारी जुनी झाडे शोधावी लागतात. अर्धापूरकडचे शेतकरी केळीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत बाटलीत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून वाढवलेली) रोपे सर्रास लावतात. त्याच पद्धतीने एखाद्या उत्तम झाडापासून बिबळ्याची हजारो रोपे करून ती जंगलात का लावू नयेत?
– एक शिक्षक, किनवट, जि. नांदेड

उत्तर : रोपे करता येतात, मात्र ‘एखाद्या उत्तम झाडापासून’ या आपल्या शब्दांशीच खरी अडचण आहे. केळीच्या बागेत सर्व झाडे एकसारखी असणे हा गुण असतो, कारण घड एकाच वेळी काढणीला यावे लागतात. जंगलात तोच दोष ठरतो. सालईचे उदाहरण घ्या : या झाडाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एकाच सालईपासून अशी केलेली, म्हणजे तिच्या हुबेहूब नकला असलेली रोपे डोंगरभर लावली, तर ती वाढतील, फुलतीलही, पण आसपास वेगळ्या वंशाची सालई नसेल तर पुढची पिढी उभी राहणार नाही.

आता बिबळ्याकडे येऊ. जुन्या झाडाच्या डोळ्यापासून रोप करणे अशक्य नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जुन्या सागाच्या डोळ्यांपासून रोपे तयार केल्याचे 1980 मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु बिबळ्याच्या सालीला खाच पाडली की ओघळणारा लाल डिंक आपण पाहिलाच असेल. अशा झाडाचा तुकडा बाटलीत ठेवला की कापलेल्या जागेतून पाझरणारी द्रव्ये बाटलीतले पोषक माध्यम काळे करतात आणि तुकडा मरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा ताज्या माध्यमावर हलवावा लागतो. शिवाय जुन्या फांदीच्या आत दडलेले जिवाणू व बुरशी वरवरच्या निर्जंतुकीकरणाने जात नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळा बहुधा बी रुजवून आलेल्या कोवळ्या रोपाच्या बीजपत्राजवळचे पेर घेतात, त्यावर सायटोकायनिन या संप्रेरकाने अनेक कोंब फोडतात आणि नंतर ऑक्सिनने त्यांना मुळे आणतात. म्हणजे बी लागतेच!

आणि बी लागणारच असेल, तर आधी साधी रोपवाटिका का नको, असे आम्हाला वाटते. बिबळ्याची चपटी, गोल, पंखाची शेंग कठीण असते आणि ती तशीच पेरली तर उगवण कमी होते. कडेचा पंख छाटून, शेंग भिजवून पेरल्यास उगवण सुधारते. शेंगा एकमेकांपासून निदान शंभर मीटर दूर असलेल्या, जमेल तितक्या झाडांखालून गोळा कराव्यात. बी फारच थोडे मिळत असेल, किंवा सालईप्रमाणे मुळातच कमी धरत असेल, तेव्हा टिश्यू कल्चर खरोखर उपयोगी पडते; पण तेव्हाही प्रत्येक मातृवृक्षाच्या (ज्यापासून रोपे केली त्या झाडाच्या) रोपांची वेगळी मालिका राखावी लागते, आणि खर्च वाढतो तो इथेच.

बाटलीतून निघालेले रोप थेट जंगलात जात नाही. बंद, दमट हवेत वाढल्याने त्याच्या पानावर मेणाचा थर पुरेसा आलेला नसतो व पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. उघड्यावर ठेवले की पाने काही वेळातच माना टाकतात. म्हणून आधी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये झाकणाखाली, मग शेडनेटमध्ये आणि मग पिशवीत, असे काही आठवडे त्याला हार्डनिंग द्यावे, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावावी लागते. मराठवाड्यात पाऊस सुरू होऊन मध्येच मोठा खंड पडतो, हे लक्षात घेता एक उन्हाळा रोपवाटिकेत काढलेले, दांडगे रोपच लावणे शहाणपणाचे.

तरीही झाडे गेली कशामुळे, हे शोधल्याशिवाय लागवड करू नये. मधुमेहावरील घरगुती उपायासाठी लाकडाचे पेले व साल यांना असलेली मागणी, उन्हाळ्यातील वणवे आणि कोवळे फुटवे खाणारी जनावरे ही कारणे कायम राहिली, तर रोप कुठूनही आणले तरी टिकणार नाही. वनक्षेत्रात लागवडीस वनविभागाची परवानगी लागते. जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. उरलेल्या बिबळ्यांची नोंद तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या, प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्या आणि रोपाच्या पिशवीवर तोच क्रमांक लिहा, म्हणजे पुढे कोणत्या झाडाची रोपे कोणत्या जागी तगली, याचा हिशेब ठेवता येईल.