वेल्समध्ये केअर वर्करला नोंदणी का लागते? त्यासाठी एजंटला पैसे द्यावेत का?

तुमची पत्नी इंग्लंडमध्ये लेस्टरला दोन वर्षं केअर वर्कर (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणारी) होती, तिथे नोंदणी लागली नाही. आता वेल्समधल्या स्वान्सीत घरोघरी जाऊन काम करायचंय तर नोंदणी मागतायत, आणि ओळखीतला एक जण दोनशे पौंडांत ‘सगळं करून देतो’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय.

त्याला एक पौंडही देऊ नका. अर्ज ताईंनी स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन करायचा आणि त्याला दुजोरा द्यायचा तो त्यांच्या कंपनीनं. मधल्या माणसाचं तिथे काही कामच नाही.

इंग्लंडमध्ये नोंदणी सोशल वर्करची होते, केअर वर्करची नाही. सीक्यूसी, म्हणजे तिथली देखभाल सेवांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, तपासते ती संस्थेला. वेल्समध्ये मात्र घरी जाऊन सेवा देणाऱ्यांना एप्रिल २०२० पासून आणि प्रौढांच्या केअर होममधल्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ‘सोशल केअर वेल्स’ या नियामक संस्थेकडे नोंदणी सक्तीची आहे. रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत ती व्हायला हवी. केअरच्या कामाचं लेव्हल टूचं प्रमाणपत्र असेल तर ते त्यांच्या यादीत बसतं का बघा. नसेल तर मॅनेजरनं काम पाहून दाखला देण्याचा मार्गही आहे. ताई जीएनएम (भारतातला नर्सिंगचा डिप्लोमा) असतील तर नर्स म्हणून नोंदणी एनएमसीकडे, म्हणजे नर्सेसच्या नियामक परिषदेकडे, ती पूर्ण वेगळी.

हा नुसता कागदी ताप समजू नका, एवढं मनापासून सांगते. मीही आधी इंग्लंडमध्ये केअर वर्कर होते. दोन दिवस व्हिडिओ दाखवले आणि तिसऱ्या दिवशी एका आजींना हॉइस्टनं (माणसाला उचलायच्या यंत्रानं) उचलायला एकटीला पाठवलं. त्यांच्या केअर प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, दोन माणसं. मी नाही म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात माझे तास निम्मे. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. इथे वेल्समध्ये नोंदणीमुळे आचारसंहिता माझ्या नावावर आहे. काम धोक्याचं असेल तर ते बोलून दाखवणं हे माझं कर्तव्य आहे असं तीच सांगते, आणि मी ते पान मॅनेजरपुढे ठेवू शकते. एकदा ठेवलंही, दुसरी मुलगी सोबत आली.

जबाबदारीही तितकीच येते. न दिलेली गोळी ‘दिली’ असं चार्टवर लिहिलं आणि तक्रार झाली, तर चौकशी तुमच्या नावानं होते, नाव काढूनही टाकतात. म्हणून ताईंना सांगा, अर्जात जुनी शिस्तभंगाची कारवाई असेल तर लपवू नका, आणि रुजू झाल्याची तारीख आजच लिहून ठेवा. सहा महिने तिथूनच मोजतात.