सामाजिक मानसोपचारासाठी इंग्लंडला येताना: आधी पीएच.डी. की आधी नोकरी?

पुण्यात एम.डी. सायकियाट्री संपतेय, पुढे सामाजिक मानसोपचारात (घर, नाती, परिस्थिती यांचा मानसिक आजाराशी संबंध पाहणाऱ्या शाखेत) संशोधन आणि अध्यापन करायचंय, मग लंडनला आधी पीएच.डी.ला यावं की नोकरीला, असं तू विचारलंयस. माझं ठाम मत: आधी नोकरी, तीही कम्युनिटी टीममध्ये, म्हणजे रुग्णांना हॉस्पिटलबाहेर, त्यांच्या घरी जाऊन भेटणाऱ्या टीममध्ये.

हा विषय इथल्या घराघरांतून उभा राहिला. मानसोपचारतज्ज्ञ ऑब्री लुईस यांनी १९४८ साली लंडनमध्ये सोशल सायकियाट्री युनिट हे संशोधन केंद्र सुरू केलं. संशोधक जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या बायकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नसणं, घरात तीन-चार लहान मुलं, हाताला काम नसणं, यांमुळे संकटात नैराश्याचा धोका वाढतो, हे १९७८ मध्ये त्यांनी मांडलं. असा प्रश्न सुचायला त्या घरांत जाऊन बसावं लागतं. इथे घरभेटी करशील, घरभाड्याच्या थकबाकीसाठी कौन्सिलला फोन लावशील. मेंटल हेल्थ ॲक्ट या इथल्या कायद्याखाली कुणाला सक्तीने दाखल करताना आपण डॉक्टर फक्त शिफारस करतो, अर्ज करणारा बहुधा सोशल वर्कर असतो. हे मला फार मोलाचं वाटतं. आजाराकडे एकट्या डॉक्टरच्या नजरेनं पाहायची सवय तिथे सुटते.

एम.आर.सी.सायक. (इथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सची परीक्षा) पूर्ण केलीस तर प्लॅब (परदेशी डॉक्टरांची इथल्या नोंदणीसाठीची परीक्षा) लागत नाही. एम.आर.सी.सायक.चे लेखी पेपर भारतातून देता येतात. प्रशिक्षणाच्या जागांसाठी चुरस प्रचंड वाढलीय, आणि एम.डी. असूनही काही वर्षं ज्युनिअर म्हणूनच राहावं लागेल. ते घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. पुढे पीएच.डी., मग क्लिनिकल लेक्चरर: निम्मा वेळ रुग्ण, निम्मा संशोधन. प्रत्येक टप्प्यावर निधीसाठी अर्ज, आणि बरेचसे नामंजूर.

पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) शिकलेले दिनेश भुग्रा याच रॉयल कॉलेजचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाट आहे. पण इथल्या प्राध्यापकाला लिहिताना लंडनचा प्रश्न उसना घेऊ नकोस. मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ आणि एन. एन. विग यांच्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरच्या चंडीगडच्या अभ्यासात घरच्यांची टोचणी आणि अतिकाळजी लंडनपेक्षा बरीच कमी आढळली, आजार उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. आज पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, नवरा-बायको दोघंही शिफ्टमध्ये असताना, तसंच आढळेल का? असा एक प्रश्न पानभर लिहून आण.

परतायचंही मनात असेल तर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचं काम वाच. गोव्यात १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'संगथ' ही संस्था सुरू केली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांच्या मदतीने नैराश्याचे रुग्ण बरे होतात, हे २०१० च्या चाचणीत दिसलं. एम.आर.सी.सायक.चा पहिला लेखी पेपर, पेपर ए, मात्र याच वर्षी देऊन टाक. नोकरी लागल्यावर अभ्यासाला वेळ काढणं अवघड जातं.