'प्लस'ला मराठीत काय म्हणायचं?

वाशीच्या एका ताईंनी विचारलंय : लेक दर दोन वाक्यांमध्ये 'प्लस' घालते. 'क्लास लांब आहे, प्लस फीसुद्धा जास्त.' इथे 'अधिक' म्हणावं का?

नको. 'क्लास लांब आहे, अधिक फीसुद्धा जास्त' असं बोललात तर लेकच हसेल. 'अधिक' शोभतो तो आकड्यांत. आमच्या नौपाड्यात जुन्या इमारती पाडून नव्या उठतायत. बिल्डर म्हणतो 'जी प्लस सेव्हन', वर्तमानपत्र छापतं 'तळ अधिक सात मजली'. चोख! (मोजायला गेलात तर मजले आठ भरतात, ते वेगळं.) 'प्लस पॉइंट'ला मात्र 'जमेची बाजू' हा आपला मुरलेला शब्द आहे आणि 'साठ प्लस'ला 'साठीपुढचे'.

लेकीचा 'प्लस' बेरजेचा नाहीच, तो दोन वाक्यं जोडतो. तिथे पहिला हक्क 'शिवाय'चा, आणि हा शब्द भारी गमतीचा आहे. मूळ अरबी 'सिवा', म्हणजे 'सोडून, वगळून'. नामाला चिकटला की वजाबाकी करतो : 'साखरेशिवाय चहा'. सुटा उभा राहिला की बेरीज : 'चहा दिला, शिवाय खारी'. चिन्हांचंही असंच झालंय. छापील पुस्तकांत + दिसतं ते १४८९ मध्ये, योहानेस विडमनच्या व्यापारी हिशोबाच्या जर्मन पुस्तकात. पण आपल्याकडच्या बख्शाली हस्तलिखितात, म्हणजे गणिताच्या एका प्राचीन पोथीत, अगदी तसलीच फुली ऋण संख्येपुढे मांडलेली आहे.

'शिवाय'इतकाच 'प्लस'ही फसवा. घोडबंदर रोडला भाड्याचं घर बघताना एजंट म्हणाला, 'पंचवीस हजार प्लस पार्किंग.' मी समजलो, त्या पैशांत पार्किंगही मिळणार. त्याच्या मनात होतं, पार्किंगचे पैसे वेगळे. 'पार्किंग सोडून पंचवीस' म्हणाला असता तर माझी एक चक्कर वाचली असती.

दुसरा शब्द 'वर', आणि बोलण्यात मला तोच जास्त आवडतो. जांभळी नाक्यावर भाजीवाली माप भरून झाल्यावर चार मिरच्या 'वर' टाकते, तोच हा. मापावर चढवलेलं, मागितलं नसताना आलेलं. म्हणून तक्रारीत तो फक्कड बसतो : 'उशिरा आला, वर मलाच बोलला.' इथे 'शिवाय' घातलात तर सगळा राग निवतो.

तेव्हा लेकीला सांगा : 'क्लास लांब, वर फीसुद्धा जास्त.' पण क्लास आवडला तर 'वर' चालायचा नाही. 'क्लास जवळ आहे, वर सरही छान शिकवतात' म्हटलं की जवळ असणं हाच गुन्हा वाटायला लागतो. तिथे 'शिवाय'च.