घरी बग्गी बांधू पाहणाऱ्या नवशिक्यास

बग्गीसाठी, म्हणजे पाइपच्या उघड्या चौकटीच्या, कच्च्या जमिनीवर धावणाऱ्या छोट्या मोटारगाडीसाठी, आपण भंगारातून मारुती ८०० घेतलीत, ही निवड योग्य आहे, कारण तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन हलके असून इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) हा पुढचा सगळा संच एकत्र उचलून बग्गीच्या मागे बसवता येतो. मात्र अशा रीतीने संचासोबत मागे गेलेली चाके मुळात मारुतीची पुढची, म्हणजे वळणारी आहेत, याचा नवशिक्याला हमखास विसर पडतो. त्यांचे टाय रॉड, म्हणजे चाके वळवणारे दांडे, चौकटीला पक्के जखडावेत आणि या दांड्यांची लांबी व उतार चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मशी जुळवून घ्यावा. माझ्या पहिल्या बग्गीत ते चार बोटे वर बसले होते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात मागची चाके आपल्याच मनाने वळत आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी धावे.

चौकटीसाठी नळाचा जीआय (जस्त चढवलेला) पाइप, कितीही स्वस्त मिळाला तरी, वापरू नये, कारण वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताचा धूर अंगाला बाधतो. सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप घ्यावा, आधी सगळे सांधे केवळ वेल्डिंगचे छोटे टाके मारून उभे करावेत, हेल्मेट घालून सीटवर बसावे आणि डोके व वरचा पाइप यांत वीतभर जागा उरते का, हे पाहूनच पूर्ण वेल्डिंग करावे. जोडाजवळ त्रिकोणी आधार हवेतच.

अशा घरगुती गाडीला आरटीओची नोंदणी मिळत नाही. म्हणून ती वाहून नेण्याच्या ट्रेलरचा खर्च आत्ताच हिशेबात धरावा आणि बग्गी खासगी जमिनीवरच चालवावी.